मोट कुणी वाळवली

अण्णा, मोट मी वाळवली होती. बाबूने नाही.

हे एवढं वाक्य तुम्ही असताना तुमच्यासमोर बोलायचं होतं. त्याला तीन वर्षं वेळ होता. वर्षातून दोनदा तुम्ही साताऱ्याला येत होता, आमच्या संग्रहालयाच्या अंगणात बसून भाकरी सोडत होता, आणि मी शेजारी बसून गाडी किती वाजता निघाली, इस्लामपुरात किती खोळंबली, उसाला तोड आली का, असं काहीबाही विचारत होतो. ज्याला मुद्द्याचं बोलायचं नसतं तो माणूस एस. टी.च्या वेळापत्रकावर फार बोलतो.

तुम्हाला जाऊन आता महिना होत आला. मिरजेच्या दवाखान्यातच तुम्ही गेलात, हे मला पोस्टकार्डाने कळलं, तेही चार दिवसांनी. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं. पण ते मागून सुरू करावं लागेल आणि त्यातलं पुष्कळ तुम्हाला ठाऊकच आहे. तरी ऐकून घ्या. ऐकून घेण्यात तुम्ही पटाईत होता, आणि त्याचा फायदा मी पुरेपूर घेतला.

आपली पहिली भेट झाली तेव्हा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि विहिरीविहिरीवर विजेच्या मोटारी बसत होत्या. आमचं संग्रहालय म्हणजे एका ट्रस्टच्या जुन्या वखारीतल्या तीन खोल्या. तलवारी, नाणी, दोन बंदुका, पालखीचा एक दांडा, सगळं काचेच्या आड. प्रत्येक कपाटावर 'हात लावू नये' अशी पाटी, माझ्याच अक्षरातली. मी आधी शाळेत गणित आणि इतिहास शिकवायचो. मग बडोद्याला जाऊन सहा महिने संग्रहालयाचं शिक्षण घेऊन आलो होतो आणि त्या सहा महिन्यांचा मला भारी गर्व होता. शाळांच्या सहली यायच्या, मुलं दहा मिनिटांत तिन्ही खोल्या उरकून अंगणातल्या चिंचेखाली पळायची. ती चिंच हे आमच्याकडचं सर्वांत गाजलेलं दालन होतं. आमचे अध्यक्ष निवृत्त वकील. ते एकदा वैतागून म्हणाले, "पोरांना हाताळता येईल असं काहीतरी बसवा मास्तर. नुसत्या काचा किती दिवस पुसायच्या?" मी मोट सुचवली. बैल जोडून विहिरीतून पाणी काढायची ती चामड्याची मोट गावागावांतून नाहीशी होत चालली होती, आणि साताऱ्याच्या पेठेतल्या पोरांनी तर ती पाहिलेलीच नव्हती.

म्हणून मी आष्ट्याला उतरून चालत तुमच्या गावी आलो. चामड्याची मोट शिवणारा या भागात एकच उरलाय, असं स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं होतं. नाव सांगितलं 'धोंडी'. साठीच्या माणसाचं नाव, तेही एकेरी. मी अण्णा म्हणून हाक मारली तेव्हा तुम्ही आधी मागे वळून पाहिलंत, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

तुमच्या घराच्या आढ्याला एक जुनी मोट टांगलेली होती. मी ती मागितली. हाताळायची वस्तू आणायला निघालो होतो, पण डोक्यात अजून काचच होती.

"कशाला पायजे?"

"मुलांना दाखवायला."

"पाणी काडणार का तिनं?"

"नाही. भिंतीवर लावणार, काच बसवून."

"मग पोतं लावा की," तुम्ही म्हणालात. "काचंतनं कोण वळखतंय."

वहिनींनी चहा आणला. मी कप तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला, तोवर तुम्ही माझ्या हाताकडे बघत होता. मग तुम्ही मोकळे झालात. पाणी काढणारी मोट हवी असेल तर नवीन शिवून देतो, म्हणालात, पण ती पोरांनी ओढली पाहिजे. भिंतीवर टांगायला शिवणार नाही. काम घेताना अट घालणारा कारागीर मी तोवर पाहिला नव्हता.

निम्म्या मापाची मोट करायची, म्हणजे मुलांना झेपेल, असं आपलं ठरलं. मी म्हणालो, निम्म्या मापाची म्हणजे निम्मं चामडं लागेल. तुम्ही मातीत काडीने दोन चौकोन काढलेत, एक मोठा आणि एक त्याच्या निम्म्या बाजूचा, आणि मोठ्याच्या पोटात लहान चौकोन चार वेळा बसवून दाखवलात. "पाव चामडं," म्हणालात. "आन् पाणी त्याच्या बी निम्मं. दीड घागर मावंल." मी मनातल्या मनात घनफळ काढून पाहिलं. बरोबर होतं. गणिताच्या मास्तराला कुणी भूमिती शिकवली हे मी साताऱ्यात कुणाला कळू दिलं नाही.

मग दोन महिने तुम्ही आमच्याकडे राहिलात, अंगणाच्या कडेच्या खोलीत. गवंड्याने दगडी टाकी बांधली, छातीइतकी खोल. सुताराने वर लाकडी चौकट उभारून चाक बसवलं. टाकीपासून उतरती धाव केली, म्हणजे बैल ज्या उतारावरून मोट ओढत जातात ती वाट. तिचा उतार तुम्ही तीनदा उकरायला लावलात. सुतार चिडला, गवंडी चिडला, मीही चिडलो. "बैलाला उतार पायाला कळतो," तुम्ही म्हणालात. इथे बैल कुठे आहेत, असं मी विचारलं, तेव्हा म्हणालात, "पोरास्नी बी पाय हायत की."

मोट शिवताना तुम्ही बोलत नव्हता. मी शेजारी बसून वही भरायचो. चामडं किती दिवस भिजवलं, आरीने भोक किती अंतरावर पाडलं, वादी कशी ओवली, सगळं लिहून घेतलं. वादी म्हणजे चामड्याचीच कापलेली दोरी. दोऱ्याने मोट शिवत नाहीत हे मला तेव्हा कळलं. एकदा तुम्ही माझ्या हातात आरी दिलीत. मी चार भोकं पाडली, चारही वाकडी. तुम्ही ती तशीच ठेवून त्यांतून वादी ओढलीत आणि म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. हितं मास्तर बसल्यात म्हणून सांगता यील."

चाचणीच्या दिवसाची गोष्ट मी पुढे पुष्कळांना सांगितली, कारण तेवढी सांगण्यासारखी होती. जू तयार झालं होतं, मुलं मात्र सुट्टीवर. तुम्ही मला आणि बाबूला जुवाला जोडलंत. बाबू आमचा शिपाई, चाळिशीचा, तीन मुलींचा बाप, नोकरी अजून कच्ची. तो उजवा बैल, मी डावा. तुम्ही मागे नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसलात, मोटकरी बसतो तसे, वजन द्यायला. पहिल्या खेपेला आम्ही उतरलो ते बरं जमलं. चामड्याचा गोळा चाकापर्यंत आला आणि पाणी दगडी थारोळ्यात भळभळ ओतलं गेलं. मग वळून न बघता उलटं, मागे मागे चढायचं होतं. बाबूला ते लगेच आलं. मी दोनदा पडलो.

"डावा बैल लय इच्यार करतोय," तुम्ही म्हणालात.

"त्याला शिकवायला किती दिवस लागतील?" बाबूने विचारलं.

"शिकलेला बैल हाय त्यो. त्येला शिकवाय टाईम लागतो."

बाबू हसत सुटला. मी त्याचा साहेब होतो, आणि माझ्यासमोर तो असा त्या दिवशी पहिल्यांदाच हसला.

आपला खरा वाद झाला तो पाटीवरून. मी लिहून आणलं होतं, 'पूर्वीच्या काळी वापरली जाणारी मोट'. तुम्ही दुसरीपर्यंत शिकलेले. बोटाने अक्षर अक्षर लावून वाचलंत आणि थांबलात.

"पूर्वीच्या म्हंजी कवाच्या?"

"म्हणजे... आधीच्या."

"आवं, गेल्या साली म्या तीन मोटा शिवल्यात. पाटलाच्या मळ्यावर अजून चालतीया. मी हितं बसलोय, आन् तुमी मला पूर्वीचा करताय व्हय?"

मी समजावलं की संग्रहालयात असंच लिहितात, इथे येणारी प्रत्येक वस्तू कुठल्यातरी काळाची असते. तुम्ही म्हणालात, वस्तूचं ठीक आहे, पण माझं काम अजून चालू आहे. मी म्हणालो, पाच वर्षांनी चालू नसेल. ते मी बोलायला नको होतं. तुम्ही चामडं कापायची रापी पुसून पिशवीत ठेवलीत आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाहीत. पाटीचा मजकूर आपला कधी ठरलाच नाही. माझं म्हणणं खरं ठरलं, पण मला त्यात जिंकल्यासारखं कधीच वाटलं नाही.

उद्घाटनाच्या आधी आठ दिवस तुम्ही शिराळ्याला भाच्याच्या लग्नाला गेलात. जाताना मला टाकीजवळ नेलंत आणि सांगितलंत, "मोट पाण्यातच ठेवा. काडू नगा. कोरडी झाली तर शिवण सुटंल. एवढं ध्यानात ठेवा मास्तर." मी वहीत लिहूनही घेतलं. ते पान अजून आहे.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी अध्यक्ष अंगणात आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "अहो, वास मारतोय. पुण्याचे साहेब येणार आहेत, काहीतरी करा." मी टाकीत वाकून पाहिलं. चामड्यावर हिरवट बुरशी धरली होती. आणि बडोद्याला आम्हाला पहिल्याच आठवड्यात जे शिकवलं होतं ते माझ्या डोक्यात उभं राहिलं: दमट हवा हा जुन्या वस्तूचा शत्रू, चामड्याचा तर वैरीच. ते कपाटातल्या ढालीसाठी होतं, पाण्यात राबणाऱ्या मोटेसाठी नव्हतं. एवढा फरक शेतकऱ्याच्या लेकराला कळला असता. मला सर्टिफिकेट होतं, त्यामुळे कळला नाही. मी बाबूला हाक मारली, आम्ही दोघांनी मोट बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि चिंचेच्या फांदीला उन्हात टांगली. बाबू म्हणाला, "सायेब, आण्णा काडू नगा म्हनलं हुतं." मी म्हणालो, "अण्णांना शिवायचं कळतं. जतन करायचं मला कळतं."

ती चार दिवस उन्हात होती. उद्घाटनाच्या सकाळी मी ती परत टाकीत सोडली. तासभर भिजली की झालं, असा माझा हिशेब.

पुढचं तुम्ही पाहिलंय. मांडव, खुर्च्या, पुण्याचे साहेब, पुढच्या रांगेत समितीची माणसं, त्यांच्या मागे तुम्ही शिराळ्याहून थेट आलेले, डोक्याला लग्नातलाच फेटा. कन्याशाळेच्या चार मुली जुवाला लागल्या. मोट वर यायला लागली तशी शिवणीशिवणीतून पाणी सुटलं. साहेब चौकटीजवळ उभे होते, त्यांचा शर्ट भिजला. थारोळ्यात ओंजळभर पडलं. मुली हसल्या, मग सगळेच हसले.

अध्यक्षांनी सारवासारव केली, तीही माइकवरून. "चामड्याचं काम कच्चं राहिलेलं दिसतंय. आता जुन्यासारखे कारागीर कुठे मिळणार?" मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "काय रे धोंडी, वादी कुजकी घातलीस काय?"

तुम्ही उठून पुढे आलात. मोटेला हात लावलात. एका बोटाने शिवण दाबलीत. तुम्हाला त्याच क्षणी कळलं असणार. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग खाली मान घालून उभ्या असलेल्या बाबूकडे, आणि म्हणालात, "आसंल सायेब. परत शिवून देतो."

मी तुमच्यापासून चार हातांवर होतो. मला नोकरी जायची भीती नव्हती. माझी नोकरी पक्की होती. मला फक्त हसं होईल याची भीती होती. बडोद्याला शिकून आलेल्या मास्तराने मोट वाळवली, असं लोक म्हणतील. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुमचं नाव जाऊ दिलं, अण्णा. मोठं काही कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

पाहुणे गेल्यावर तुम्ही चिंचेखाली गेलात. फांदीला दोरी तशीच लोंबत होती.

"बाबूनं टांगली व्हय?" तुम्ही विचारलंत.

मी बोललो नाही. हाताखालच्या माणसाचं नाव घ्यायला मी संकोचतोय, असं तुम्हाला वाटलं. माझ्याबद्दल तुमचं मत एवढं चांगलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," तुम्ही म्हणालात. "कच्ची नोकरी हाय त्याची. तीन पोरी हायत. त्याचं नाव कुटं काडू नगा. माझं काय, मी परत शिवतो."

आणि मी म्हणालो, "बरं."

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन. पण त्या 'बरं'इतकं लहान आणि तेवढं वाईट दुसरं काही बोललेलं मला आठवत नाही.

तुम्ही तीन दिवस बसून सगळी शिवण नव्याने केलीत. मोट पुन्हा कधी गळली नाही. पण साताऱ्याच्या वर्तमानपत्रात मोट गळकी निघाल्याने पाहुण्यांचा हिरमोड झाला असं छापून आलं, आणि ते तुमच्या गावच्या हॉटेलात मोठ्याने वाचलं गेलं. पुण्याचे साहेब तुमच्याकडून पूर्ण मापाची मोट करून घेणार होते, त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. गावात म्हणायला लागले, धोंडीची मोट साताऱ्याला जाऊन गळली. पाटलाने पुढच्या वर्षी पत्र्याची मोट आणली. हे मला तुम्ही नाही सांगितलं. आष्ट्याच्या चहावाल्याने सांगितलं, हसत.

तरी तुम्ही येत राहिलात. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, मोटेला तेल द्यायला. आणि दर वेळी बाबूला टाकीजवळ बसवून समजावायचात, "बाबू, चामडं म्हंजी जित्तं आसतं बघ. भिजत ठेव. ऊन दाखवू नगं." बाबू खाली मान घालून ऐकायचा. दर वेळी "व्हय आण्णा" म्हणायचा. मी खोलीच्या दारात उभा राहून ते ऐकायचो. एकदा तुम्ही गेल्यावर मी त्याला म्हटलं, तू सांगत का नाहीस? तो म्हणाला, "काय सांगू सायेब? त्यांस्नी तुमचा लय अभिमान हाय." आणि झाडू घेऊन निघून गेला. तुम्ही त्याला सांभाळून घेत होता आणि तो मला. मला तेवढं सुखाने राहायचं होतं.

आता तुम्ही गेल्यानंतरचं.

तेराव्याला मी आणि बाबू तुमच्या गावी आलो. तुमच्या दारात जाजमावर माणसं बसली होती. वहिनी आत बायकांत होत्या, दाराशी. बोलता बोलता तुमचे शिराळ्याचे साडू म्हणाले, "माणूस लाखाचा. हात सोन्याचा. त्या साताऱ्याच्या मोटंनं तेवढं नाव घालीवलं."

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो की नाही, आता सांगता येणार नाही, कारण माझ्याआधी बाबू बोलला.

"ती मोट म्या वाळवली पावणं. आण्णांचं काम चोख हुतं."

साडूंनी बाबूकडे असं पाहिलं की तो शेजारच्या भिंतीला सरकला. तेवढी चूक कबूल करून तो मोकळा झाला होता, आणि ती त्याची नव्हतीच. तिथे मी गप्प बसलो असतो तर तुमच्या घरचं पाणी पिण्याचीही माझी लायकी उरली नसती.

"बाबू खोटं बोलतोय," मी म्हणालो. "मी वाळवली. अण्णांनी बजावून सांगितलेलं असताना वाळवली. आणि त्यांना सगळ्यांसमोर बोलले तेव्हा मी तिथेच उभा होतो."

वहिनी दाराशी आल्या. पदर कपाळापर्यंत होता.

"मग तवा का न्हाई बोलला?"

"लाज वाटली, वहिनी."

"आन् ह्यांस्नी वाटली न्हाई व्हय, चारचौघांत?"

साडू काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, झालं गेलं गंगेला मिळालं वगैरे. वहिनींनी त्यांना हाताने थांबवलं.

"हितं सांगून काय हुतंय? हितली माणसं त्येंचीच हायत. जितं त्येंनी बोलणी खाल्ली तितं सांगा. मी येते ऐकाय."

महिना होईस्तोवर बाईने उंबरा ओलांडू नये, असं साडू म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आयतवारी येते."

अण्णा, त्या आल्या. एकट्या आल्या, पेठ नाक्याला गाडी बदलून. मी समितीच्या सगळ्यांना निरोप दिला होता. अध्यक्ष आले, बाकीचे चार आले. रविवार असल्यामुळे एका शाळेची सहलही आली होती आणि मुली मोटेभोवती गलका करत होत्या. चौथऱ्यावर उभं राहून मी सगळं सांगितलं. तुम्ही काय बजावलं होतं, मी काय केलं, का केलं, आणि तीन वर्षं कसा गप्प राहिलो. बाबूचं नाव त्यात कसं ओढलं गेलं तेही सांगितलं.

माझं संपल्यावर अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "मी असं म्हणालो होतो? आठवत नाही बुवा. कुठली मोट गळली होती?"

मला तेव्हा अध्यक्षांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग आला तो माझाच. ज्या हसण्याला मी तीन वर्षं भीत होतो, ते हसणाऱ्यांच्या लक्षातही उरलं नव्हतं. तुमच्या गावात मात्र लोक ते रोज आठवत होते.

"जाऊ द्या मास्तर," अध्यक्ष पुढे म्हणाले, "आता उकरून काय उपयोग?" आणि वहिनींना म्हणाले, "बाई, तुमच्या मालकांचं काम चांगलंच होतं."

वहिनींनी मान हलवली नाही. त्या टाकीकडे गेल्या. "वडा गं," त्या मुलींना म्हणाल्या. चार मुली जुवाला लागल्या, पाचवी नाड्यावर बसली. मोट वर येऊ लागली. सगळे जण थारोळ्याकडे बघत होते, पाणी कधी पडतंय म्हणून. वहिनी वाकून खालून शिवण बघत होत्या. मोट पूर्ण वर आली, ओतली गेली, परत टाकीत उतरली, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. मग त्या सरळ झाल्या आणि अध्यक्षांकडे तोंड करून, अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"गळत न्हाई. बगा तुमी बी."

अध्यक्ष गडबडले. पण उठले. धोतर सावरत टाकीपाशी आले, वहिनींनी मुलींना पुन्हा ओढायला लावलं, आणि अध्यक्षांना खाली वाकवून एकेक शिवण दाखवली. तेही वाकून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "नाही गळत." वहिनी म्हणाल्या, "पुन्यांदा बोला, ह्या पोरींस्नी आयकू गेलं न्हाई." ते पुन्हा बोलले.

त्यानंतर त्या मला म्हणाल्या, "चला, येष्टीवर घाला मला." मी त्यांना स्टँडवर नेलं, खिडकीची जागा बघून बसवलं. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. मी माफी मागितली नाही आणि त्यांनी ती दिली नाही.

तुम्ही दिली असती, अण्णा. विचारायच्या आधीच दिली असती. म्हणून तुमच्याकडे ती मागत नाही.